चौकटीत न मावलेले मामा

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (तो फक्त कागदावर. सध्या मला वाकवत नाही आणि बसवतही नाही. हे पत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्यानं लिहितो आहे.) तुमचा रक्तदाब कसा आहे? मामींचा खोकला? तीन आठवडे तुम्ही माझा फोन ज्या चपळाईनं कापता, त्यावरून बोटं तरी ठणठणीत दिसतात.

आधी हे सांगतो, की माझ्या मनात काही नाही. आठ महिने खपून बांधलेलं माझं रिमोटवरचं विमान त्या दिवशी मैदानात तुमच्या हाकेमुळे मोडलं, हे मी केव्हाच विसरलो. (मोठ्यांना माफ करताना बरं वाटतं.) पण मी तुम्हाला चौदा वेळा 'बाजूला व्हा' का म्हणालो, तेवढं समजून घ्या. हातभर विमान फोटोत खरं वाटलं पाहिजे, अशी आमच्या छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेची अटच होती. थोडक्यात, राईचा पर्वत करायचा. त्यासाठी पालथं पडून कॅमेरा जमिनीला टेकवावा लागतो. गवत कात्रीनं कापावं लागतं (तुमच्या भाचेसुनेची शिवणाची कात्री; तो विषय वेगळा), कारण एक पातं उंच राहिलं तरी विमानाशेजारी झाड उगवल्यासारखं दिसतं. अशा वेळी तुमचा बूट चौकटीत आला, की धावपट्टीवर होडी लागल्यासारखी वाटते. तुम्ही मुद्दाम इस्त्रीचा कोट घालून आला होतात, हे मला दिसत होतं. शेवटी तुमची भुणभुण थांबावी म्हणून (आदरानंच म्हणतो) विमान कडेवर घेतलेला तुमचा एक फोटो मी तुमच्याच फोनवर काढून दिला.

असो. माझा फोटो स्पर्धेतून बाद झाला. समितीचे अध्यक्ष निवृत्त वैमानिक आहेत. त्यांच्या मते ते खरंखुरं विमान आहे, ते त्यांनी स्वतः सहा वर्षं चालवलं आहे, आणि त्याचं डावं चाक उतरताना त्रास देतं, असंही त्यांनी लेखी कळवलं. मी मोडक्या विमानाचे फोटो घेऊन गेलो. पण तेही मी सवयीनं जमिनीला टेकूनच काढले होते. अध्यक्षांनी चष्मा काढून, वैमानिक वाचला का, असं हळूच विचारलं. बाकीचे सदस्य उभे राहिले. तुकडे दाखवावेत तर ते तुमच्या भाचेसुनेनं केरात दिलेले. आता शुक्रवारी मला लबाड ठरवून मंडळातून काढायचा ठराव आहे. आठ महिने राबलो, मामा, आणि वर लबाड. फार लागलंय मनाला.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या कडेवरचं विमान पाहिलं, की अध्यक्षसुद्धा गप्प बसतील. तो फोटो गुरुवारपर्यंत पाठवा. बुटांसकट.

ता. क. २. हे पत्र तुमच्या भाचेसुनेनं वाचलं. खरं लिहिल्याशिवाय ती ते टाकू देणार नाही. तुम्ही 'चहा आणलाय' अशी हाक मारली, तेव्हा विमान आधीच मोडलेलं होतं. चौकट नीट दिसावी म्हणून मी मागे सरकलो आणि त्यावर बसलो. शेपटी कडक प्लायवुडची होती. म्हणून उभ्यानं लिहितोय.

ता. क. ३. चुकलो, मामा. तुम्ही चहा न पिता गेलात, ते डोळ्यांसमोरून जात नाही. नवीन विमान बांधायला घेतलंय. या खेपेला तुम्ही कोट घालून अगदी मधोमध उभे राहा. स्पर्धा गेली खड्ड्यात.

(फोटो मात्र गुरुवारपर्यंत पाठवाच.)