मी ‘सोड’ म्हणेपर्यंत

सोमवार, ४

अखेर स्वतःच्या दाराला स्वतःची कडी! गॅरेजच्या मागे दोन खोल्या, मोरी आणि खिडकीखाली ओटा. ही सकाळपासून ओटा घासतेय आणि गुणगुणतेय. दादाच्या घरी सहा वर्षांत हिचं गुणगुणणं मी ऐकलं नव्हतं. वहिनीच्या राज्यात भांड्यांचासुद्धा आवाज करायची चोरी होती. काहीही झालं तरी तिकडे परत जायचं नाही, असं सामान उतरवतानाच आम्ही ठरवलं.

मालकीणबाई निवृत्त डॉक्टर. सत्तरीच्या, एकट्या, बोलणं मोजूनमापून. बत्तीस वर्षं बंद पडलेली त्यांच्या यजमानांची गाडी मला चालती करायची आहे. ती समोरच्या उतारावरून स्वतःच्या ब्रेकवर खाली गेली, की मी इथला कायमचा ड्रायव्हर. नाही जमलं तर महिनाअखेरीस खोल्या रिकाम्या करायच्या.

गाडी मात्र काय देखणी! गोलाकार मडगार्ड, हस्तिदंती स्टिअरिंग. धुळीत बोटाने रेघ ओढली तर खालून गर्द हिरवा रंग निघाला. मी वेड्यासारखा हसत सुटलो.

मंगळवार, ५

इंजिनाची चिंता नाही. गिअरबॉक्स खोलून बाकावर ठेवलाय. खरी कटकट ब्रेकची आहे. पेडल दाबलं की आधी घट्ट लागतं, मग पायाखाली सावकाश बसत जातं. याची दोनच कारणं. एक तर कुठेतरी तेल झिरपतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरमधलं रबर दाब धरत नाही. जुनं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं निघालं. दिवसभरात चारही चाकांची आणि सिलिंडरची रबरं बदलली. हँडब्रेकची केबल हातातच तुटली, ती काढून टाकली. गॅरेजची जमीन दाराकडे उतरती आहे आणि गाडी गिअरमध्येही ठेवता येत नाही, म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावलेत.

माझं पोट गाडीखाली अडकलं तेव्हा ही पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, गाडीच्या आधी तुमचं पोटच कमी करायला हवं.

बुधवार, ६

ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक नट, उघडून हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा बंद करायचं. मग खालच्याने ‘सोड’ म्हणायचं. त्याआधी वरच्याने पाय काढला तर हवा उलट आत जाते आणि सगळी मेहनत मातीमोल.

हिला वर बसवलं. अकरा वेळा केलं, आणि अकराही वेळा हिने आधीच पाय सोडला! माझं डोकं फिरलं. लक्ष कुठे असतं तुझं, साधं पेडल धरता येत नाही, असं बरंच बोललो. ही शांतपणे म्हणाली की तुम्हीच सोड म्हणालात. त्यावर मी आणखी ओरडलो. 

गुरुवार, ७

आज टॉर्च दातांत धरून खाली गेलो. हात तेलाने बरबटलेले होते, दुसरा इलाज नव्हता. निपल उघडं असतानाच पेडल सुटलं. बाहेर आलो तेव्हाही टॉर्च दातांतच होता. हिने माझ्याकडे बघितलं आणि हिचा चेहरा उतरला. म्हणाली, आत्ता तुम्ही अगदी स्पष्ट म्हणालात, सोड.

तोंडात टॉर्च असताना मी काय बोलणार?

काल हिला नाही नाही ते बोललो. मला स्वतःचीच लाज वाटली. माफी मागितली. 

शुक्रवार, ८

गाडीखालच्या आवाजाबद्दल डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या की गाडी कायमची उभी राहिली त्या दिवशी यजमान तिच्याखाली होते आणि त्या स्वतः पेडलवर. ‘सोड’ ऐकलं आणि त्यांनी पाय काढला. ठोकळे तेव्हा लावलेलेच नव्हते. गाडी यजमानांच्या छातीवरून गेली. बत्तीस वर्षं त्या एकच गोष्ट स्वतःला विचारताहेत: ठोकळे नाहीत हे माहीत असताना ते ‘सोड’ का म्हणतील?

मी हिला म्हटलं, आवर, निघूया. हिने साफ नकार दिला. वहिनीच्या दारात पुन्हा ट्रंक घेऊन उभी राहणार नाही, म्हणाली. आवाजाने काय होतं? आवाज ऐकायचाच नाही.

शनिवार, ९, सकाळी

असं ठरलंय. फसतो तो पेडलवरचा माणूस, म्हणून पेडलवर मी. ही बारीक आहे, ही खाली जाईल आणि तेल कुठून झिरपतंय ते बघेल. हिचं बघून झालं की पान्याने गाडीच्या तळावर तीन ठोके. तोवर वरून, खालून, कुणाच्याही आवाजात काहीही ऐकू आलं तरी मी पाय काढायचा नाही. हिने मला शप्पथ घातली. मीही घेतली.

मला हे आवडलेलं नाही. एकदाच करायचं आणि संपवायचं.

शनिवार, ११.१०

पेडल दाबून बसलोय. वही स्टिअरिंगवर आहे, पेडल किती बसतं ते लिहून ठेवायचंय. जमिनीपासून पाच बोटं वर. ही खाली गेली. टॉर्चचा उजेड दिसतोय.

११.१४

चार बोटं. खालून हाक आली. हिचाच आवाज. ठोकळा सरकलाय, म्हणते. पायावर चाक आलंय, उतरा, मला ओढा.

हलायचं नाही. ठरलंय.

११.१६

तीन बोटं. आता रडतेय. हुबेहूब हिच्यासारखी. ही इतक्या वर्षांत माझ्यासमोर एकदाही रडलेली नाही, मग मला कसं कळतंय की हुबेहूब —

पाय काढला आणि ठोकळा खरंच निघालेला असला तर गाडी हिच्यावरून जाईल. त्या आवाजाला हेच हवंय. घाम डोळ्यांत जातोय. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यात, ओरडून उपयोग नाही.

११.१८

दोन बोटं. म्हणते, अहो, मीच आहे, देवाशप्पथ मीच आहे. टॉर्चचा उजेड हलत नाही. ठोके का नाहीत? बघून झालं असेल तर ठोक ना गं. तीनदा. एवढंच तर —

११.१९

पाना माझ्या शेजारच्या सीटवर आहे.

न्यायला विसरली. ती ठोकणार कशाने —

म्हणजे मघापासून जी हाक —

पेडल जमिनीला टेकलं. दाबतोय, दोन्ही पायांनी दाबतोय, गाडी —