एका सहीवाचून अडलेला भंडारदरा

शेवगाव, सोमवार

चि. ज्ञानेश्वरी हिला आप्पाकाकाचे पोटभर आशीर्वाद. इकडे तुझ्या राहीकाकूचा गुडघा सोडून सगळं क्षेम आहे. तू आणि तुझी विमानं ठणठणीत असाल. पत्रास कारण विशेष काही नाही, सहजच लिहितोय.

तू पोरांना विमान चालवायला शिकवतेस, तुझी सही झाल्याशिवाय पोरगं एकटं आभाळात जात नाही, हे मी अख्ख्या बाजारात अभिमानानं सांगत होतो. ती सही माझ्याच वाटेत आडवी येईल असं वाटलं नव्हतं. रिटायर झाल्यावर मी जुनी जीप घेतली, परीक्षा देऊन लायसन काढलं (पहिल्याच फेरीत, हे तुला पुन्हा सांगतोय). राहीला भंडारदऱ्याला नेईन असा शब्द नोकरीत असल्यापासून दिलेला. तर ही बाई जीपमध्ये बसेचना. म्हणाली, "लायसन सरकारचं आसंल, जीव माझा हाय. ज्ञानूची सही आणा, मग बसते."

म्हणून दिवाळीत तुला शेजारी बसवून मार्केट यार्डापर्यंत नेऊन आणलं. जाताना-येताना एक ओरखडा नाही. दारात मागे घेताना कडब्याची गंजी जरा आडवी आली (ती तिथं सात वर्षं आहे, हे तू बोलून दाखवायला नको होतंस). मी डायरी पुढे केली आणि तू कायदा काढलास. ज्याला स्वतः शिकवलं, शेजारी बसून ज्याचा हात पाहिला, त्याच्यापुरतीच तुझी सही. तीही ज्या जातीचं विमान चालवायची तुला परवानगी आहे त्याच जातीच्या विमानासाठी. सहायक शिक्षिका होतीस तोवर तर पहिल्यांदा एकटं सोडायची सही तुला करताच येत नव्हती, वरच्या साहेबांची लागायची. आणि लायसन द्यायचं काम सरकारचं, तुझं नव्हे. जीप यात कुठंच बसत नाही.

अगं, मी एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो! चेहरा ओळखीचा दिसला की दाखल्यावर सही. बन्सी सहा महिने ऊसतोडीला बाहेर असायचा, तरी 'सदर इसम गावात कायम वास्तव्यास आहे' असं मी डोळे झाकून लिहून दिलं (मन गावातच होतं त्याचं). आणि बाईसाहेब, तुम्ही विमान शिकायला निघालात तेव्हा 'उमेदवारास उंचीचे भय नाही' असा दाखला गोल शिक्क्यासह मीच दिला होता. कुणी मागितलाही नव्हता. त्याच उन्हाळ्यात तू गच्चीवरून उतरेनास, म्हणून शेजारच्या कानिफनाथनं तुला शिडीवरून पाठीवर आणलं, हे मी दाखल्यात घातलं का? अशा घरात सहीला इतकी चिकट पोरगी निपजावी, याचं नवल वाटतं.

शेवटी तू डायरीत लिहिलंस, 'शेजारी बसून पाहिलं. पुढे जाताना हात चांगला. मागे घेताना मागे बघत नाहीत. एकट्याने: अजून नाही.' खाली झोकदार सही. शेवटच्या दोन ओळींवर अंगठा ठेवून मी ते पान राहीला दाखवलं. तिनं अंगठा उचलला. तेव्हापासून किल्ली गायब आहे. लगेच मिळत नाही तीच सही खरी, असं तिचं मत, आणि माझ्या हजारो सह्यांना या घरात किंमत उरलेली नाही.

असो. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझा,
आप्पाकाका

ता. क. शिकवलेल्याला सही देता येते, हा नियम तुझाच ना? मग दोन दिवस रजा काढून ये आणि मला शिकव. विमानाची नसली तरी चालेल, राहीला पटेल अशी सही दे. तिचा गुडघा आणखी दुखायला लागण्याआधी धरण दाखवायचं आहे गं.

ता. क. २ फाटकाचा खांब पडला तो वाऱ्यानं.

ता. क. ३ मी राही लिहिते. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हनून वाचलं. वारा नव्हता. त्या दिवशी किल्ली पिठाच्या डब्यात हुती, ह्यांना घावली. आता तांदळात ठिवलीया. सहीची घाई करू नगं. पन ये. रोज जीप पुसत्यात, आन् माझ्या गुडघ्याखाली घ्यायला शेजारच्या सीटवर उशी ठिवत्यात. काल हे बाजारला गेल्यावर मी उभ्या गाडीत बसून बघितलं. लई बरं वाटलं. मागं घ्यायचं तेवढं शिकव.