आर्व्हिडची होडी काठावर आहे

ती. आईला,
इथूनच पाया पडते.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, क्लिनिकला जाते, पेशंटना हसून इंजेक्शनं देते. रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल, त्याला व्हिसा लागत नाही.

बाबांना शेवटचं बघायला आले नाही, याचा राग धरू नकोस. मला अमेरिकेत राहायची परवानगी आहे. बाहेर पडले तर परत घेतील, असं वकीलही छातीठोक सांगत नाही.

इथे उत्तरेला तळं एवढं मोठं आहे, की पलीकडचा काठ दिसत नाही. शेजारचा म्हातारा आर्व्हिड त्यात मासेमारी करतो. बाबा गेले, आणि आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की होडी पाण्यात घालत नाहीत, एवढंच मी त्याला बोलले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यानेही आपली होडी काठावर ओढून ठेवलीय. काल विचारत होता, "किती दिवस पाळता तुम्ही हे?"

"ते आई ठरवते," मी म्हटलं.

गुडघ्याला तेल लावतेस ना? दादाला बाबांची होडी पुन्हा पाण्यात घालायला सांगशील, त्या दिवशी मलाही फोन कर. इथे एक म्हातारा खोळंबलाय.

तुझी,
सुगंधा