सोपी वाट, भरपूर बाकं

ॲशकोम,
१९ एप्रिल १९८४

प्रिय विनी,

सप्रेम न. वि. वि. या खेपेस विनंती खरोखरच आहे, आणि ती अशी, की हसू नकोस.

तुझ्या धाकट्या भावाचा जाहीर अपमान झाला आहे. आमच्या गावच्या भटकंती मंडळासाठी मी माळावरच्या फेरीचं पत्रक लिहून दिलं होतं. चर्चच्या फाटकातून निघायचं, माळ ओलांडायचा, बर्चच्या रानातून वळसा घेऊन परत फाटकाशी. आपला बर्च आणि संस्कृतातला भूर्ज हे एकाच घरातले, असं एक निरुपद्रवी वाक्य मी त्यात घातलं होतं. चिटणीस मिसेस पॉटिंजर यांनी ते खोडलं आणि त्या जागी लिहिलं, ‘सोपी वाट, भरपूर बाकं.’ जाब विचारला तर म्हणाल्या, मिस्टर टकवेल, दमलेला माणूस झाडाचा आजोबा कोण ते विचारत नाही, बसायचं कुठे ते विचारतो.

बाई बरोबर बोलल्या, हेच लागलं.

बेरिल आणि मी रविवारी ही सोपी वाट चाललो. पत्रकात तासाभराची लिहिली आहे. आम्हाला अख्खी सकाळ लागली; एक म्हातारा कुत्रा मागून येऊन पुढे गेला, आणि जाताना त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. तुझ्या भावजयीला हल्ली पक्ष्यांचा नाद लागला आहे. जिला कालपरवापर्यंत बदक आणि कोंबडी यांत फरक करायचा कंटाळा, तिने दुर्बीण आणली आहे. दर थोड्या पावलांवर ती थांबते, म्हणते, थांब ऑब्री, गोर्सच्या झुडपात काहीतरी हललं. मीही दबक्या आवाजात विचारतो, कुठला पक्षी, गप्पीदास का? ती मान हलवते. बोलण्याइतका श्वास तेव्हा तिच्याजवळ नसतो. झुडपात काही नसतं हे तुला सांगायला नको.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे, की बेरिलची फुप्फुसं फार तर पानगळीपर्यंत साथ देतील. तिला त्यांनी ते माझ्या आधीच सांगितलं होतं. घरी येऊन मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, विशेष काही नाही, आणि तुला? मी म्हटलं, मलाही विशेष काही नाही. मग आम्ही चहा केला.

मेहुणे रॉबर्ट यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना माझा नमस्कार. लोभ आहेच, या वर्षी तो जरा सढळ हाताने लागेल.

तुझा,
ऑब्री

यॉर्क,
२६ एप्रिल १९८४

प्रिय ऑब्री,

अनेक आशीर्वाद. त्यांतला निम्मा भाग तुझ्या पाठीत एक धपाटा म्हणून घे.

मी हसले नाही. रॉबर्टला वाचून दाखवताना कुत्र्यापर्यंत आले आणि पुढे वाचता येईना, तेव्हा त्यानेच पत्र हातातून घेतलं.

काल बेरिलला फोन केला. प्रकृती विचारली तर म्हणाली, छान आहे, हवाही काय सुंदर पडली आहे. मग आवाज खाली आणून मला म्हणते, विनी, माळावर मे महिन्यात कोणते कोणते पक्षी दिसतात गं? ऑब्रीला हल्ली त्यांचं भारी वेड लागलंय. मी नुसती थांबले तरी लहान मुलासारखा विचारतो, कुठला होता, कुठला होता. बिचाऱ्याचा विरस करायला नको, चार नावं सांगून ठेव. मी तिला रातवा सांगितला. तो दिवसा दिसत नाही हे फोन ठेवल्यावर आठवलं.

म्हणजे तू तिच्यासाठी पक्षी बघतोस, ती तुझ्यासाठी, आणि माळावर पक्षी एकही नाही! तीन-तीन वचनांत संस्कृत नामं चालवून दाखवणाऱ्या विद्वाना, त्यातलं द्विवचन घरात कधी वापरणार आहेस? आई गेली त्या आठवड्यात बाबा तिच्या उशाशी बसून गुलाबांवरच्या किडीबद्दल बोलत होते, आठवतं? आपण दारात उभे होतो, आणि आईही औषध कुठलं मारलं ते विचारत होती.

तेव्हा थोरली बहीण म्हणून हुकूम समज. पुढच्या फेरीत कुठल्याही बाकावर बस आणि सांग, बेरिल, मला माहीत आहे. एवढे तीन शब्द झाले की बाकीचं ती बोलेल. ती तुझ्यापेक्षा शूर आहे, तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच दिसलं होतं.

लिहीत राहा. नाही लिहिलंस तर मी स्वतः येईन, ही धमकी आहे.

तुझी,
विनी

ॲशकोम,
१३ मे १९८४

प्रिय विनी,

सा. न. वि. वि. तुझा हुकूम पोचला होता. आज सकाळी तो कोटाच्या खिशात घेऊन निघालो.

गोर्स पिवळाधमक फुलला आहे आणि ऊन चांगलं होतं. माळ संपून रान सुरू होतं तिथल्या बाकावर बेरिल टेकली. वाटेत तिने एकदाही काही दाखवलं नव्हतं. नुसती थांबायची आणि माझा हात धरायची. मी मनातल्या मनात ते तीन शब्द घोकत होतो. इतका मूर्खासारखा मी तोंडी परीक्षेलाही बसलो नव्हतो.

आणि तीच आधी बोलली, विनी. दुर्बीण मांडीवर होती. झाडांकडे बघत म्हणाली, ऑब्री, तिथे पक्षी नाहीये. कधीच नव्हता.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, आहे की, आत्ताच उडाला, मला शेपटी दिसली.

तोंडातून गेलं. कुणी शिंकलं की आपण काही म्हणतो ना, तितक्या सहज. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, हो का, मग माझीच नजर चुकली. आणि तिने दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली, मला बरं वाटावं म्हणून.

परतताना मिसेस पॉटिंजर भेटल्या, म्हणाल्या, काय सुरेख दिवस आहे. आम्ही दोघांनीही एकाच वेळी हो म्हटलं.

आता ती वर झोपली आहे आणि मी खाली हे लिहितो आहे. धमकी दिली होतीस ती खरी कर, ये. पण तू येऊनही हे बोलण्याचं काम माझ्याऐवजी तुला करता येणार नाही हे मला कळतं. ती मरेल याला मी घाबरतो हे तुला ठाऊकच आहे. ती पुन्हा तसं बोलणार नाही, याची मला त्याहून जास्त भीती वाटते. आणि बोललीच, तर मी पुन्हा तेच उत्तर देईन.

ऑब्री