खोळ घातलेला कॉम्प्युटर

धार, ४ सप्टेंबर २००१

ती. स्व. शरदमामांस,
रुचाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सगळं ठीक. पाऊस ओसरला तसा आईचा गुडघाही कमी दुखतो. फोनच करणार होते, पण फोनवर आपलं दोघांचं लगेच वाजतं. कागदावर निदान सभ्य राहतो.

बातमी अशी की पीथमपूरच्या कृष्णराव जगदाळ्यांनी त्यांच्या वर्कशॉपच्या डायांची, म्हणजे लोखंडी साच्यांची, ड्रॉइंगं मला घरी करायला द्यायचं कबूल केलंय. अट एकच, दसऱ्यापर्यंत माझं स्वतःचं मशीन हवं. आत्ता त्यांचे इंजिनियर लोक उठले की मग मला खुर्ची मिळते, आणि शेवटच्या बसपायी काम अर्ध्यात टाकून पळावं लागतं. ट्यूशन घेऊन जे साठवलंय त्यात एक कॉम्प्युटर बसतो. चुकीचा घेतला तर दुसरा घेता येणार नाही, आणि काम हातचं जाईल.

इंदूरचा दुकानवाला भिया म्हणतो की बघण्यासारखे प्रोसेसर दोनच, पेन्टियम फोर नाहीतर ॲथलॉन. माझं मन ॲथलॉनवर बसलंय. तुमच्याकडे तोच आहे ना, म्हणून विचारते.

सौ. मामीला नमस्कार, मोनूला गोड पापा. लोभ आहेच, भांडणानंतरही राहावा.

आपली भाची,
रुचा

•

देवास, १० सप्टेंबर २००१

चि. रुचा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. ॲथलॉनचे नाव काढू नकोस. गेल्या दसऱ्याला मोठ्या हौसेने आणला, हळदकुंकू वाहिले, सागवानी कपाट करून त्यात बसवला, आणि मे महिन्यात त्याने डोळे मिटले. तापायचा तर इतका की फळीवर पापड भाजून निघावा. शेजारच्या यशवंतरावांचा पेन्टियम बघ, आजही ठणठणीत आहे. शिवाय मेगाहर्ट्झचा, म्हणजे वेगाचा, आकडा पाहा. पेन्टियम फोरचा आकडा मोठा, ॲथलॉनचा लहान. मोठा तो मोठा, यात डिप्लोमा करून शिकण्यासारखे काय आहे?

दुसरे असे की दिवाळीनंतर आमच्या कारखान्यात टायपिस्टची जागा निघते आहे. साहेबांच्या कानावर तुझे नाव घातले आहे. आमच्याकडेच राहशील, डब्याची चिंता नाही. लोखंडाच्या धंद्यात मुलीच्या जातीने कशाला पडावे? तुझे वडील असते तर त्यांनी हेच सांगितले असते.

तेव्हा पेन्टियम घे, नाहीतर काहीच घेऊ नको. ताईस नमस्कार सांगणे. प्रकृतीस जपावे व मोठ्यांचे ऐकावे, हा आशीर्वाद.

तुझा मामा,
शरदचंद्र

•

धार, २४ सप्टेंबर २००१

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

बाबा काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. त्यांना मधे आणू नका.

तुमचं पत्र आलं आणि मी तशीच इंदूरला गेले, माझं सगळ्यात अवघड ड्रॉइंग सीडीवर घेऊन. भियाला सांगितलं की हे दोन्ही मशीनवर चालवून दाखवा, मगच घेईन. त्यानं तोंड वाकडं केलं, हे दुकान आहे बहनजी, प्रयोगशाळा नाही वगैरे. मी स्टूल ओढून बसले. शेवटी त्यानंच चहा मागवला. पेन्टियमवर माझा चहा संपला तरी चित्र अजून भरतच होतं. ॲथलॉनवर चित्र पुरं झालं तेव्हा ग्लास अर्धा होता. मी पुन्हा एकदा चालवायला लावलं, तेव्हाही तेच. गाण्यांना, पिक्चरला पेन्टियम बरा असेलही, पण मला पिक्चर बघायचे नाहीत.

आणि आकड्याचं म्हणाल तर तो फक्त पावलं किती झपाझप पडतात तेवढंच सांगतो. मोनू तुमच्याबरोबर बाजारात निघतो तेव्हा पावलं त्याचीच जास्त पडतात. पोचता तुम्ही आधी.

तापतो, हे मात्र खरं आहे. त्याला वारा लागतो. मोनूच्या मुंजीला आले होते तेव्हा मी डोळ्यांनी बघितलंय, मशीन सागवानी कपाटात, दार लावलेलं, आणि वर मामीनं राघू भरलेली खोळ, तीही मशीन चालू असताना. धूळ बसते म्हणून. मामा, ऐन मे महिन्यात तुम्हाला गोधडीत गुंडाळून कपाटात बसवलं तर तुम्हीही डोळे मिटाल.

टायपिस्टची जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा. दुसऱ्यांची पत्रं टाइप करायला मी डाय काढायला शिकले नाही.

राग आला तर जेवून मग यावा, ही विनंती.

रुचा

•

देवास, ३ ऑक्टोबर २००१

चि. रुचास आशीर्वाद.

तुझे पत्र जेवणाआधीच वाचले, त्यामुळे जेवण गेले नाही. मामाला गोधडीत गुंडाळणारी भाची आमच्या घराण्यात प्रथमच झाली. सौ.ने हिवाळाभर खपून ती खोळ भरली. तिच्या हातच्या कामाला तू नावे ठेवलीस, हे मला जास्त लागले. आमचे आजोबा देवासच्या पवार राजांच्या पदरी होते, त्यांच्यासमोर घरातले कोणी मान वर करून बोलत नसे.

खुशाल ॲथलॉन आण. दसऱ्याच्या पूजेला मी धारला येणार नाही. आणि लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, ती जागाही दुसऱ्या कोणाला दे. ज्या मामाचे यंत्रात ऐकायचे नाही त्याचे मांडवात काय काम?

ताईने वाईट वाटून घेऊ नये. अधिक लिहिण्यासारखे उरले नाही.

शरदचंद्र

•

धार, ९ ऑक्टोबर २००१

ती. स्व. मामांस,
सा. नमस्कार.

मशीन घेतलं. ॲथलॉनच.

आई दोन दिवस रडली, तुमच्या पत्रानं. माझ्या मशीननं नाही. तिसऱ्या दिवशी उठून तिनं स्वतःचं शिवणाचं मशीन खिडकीतून हलवलं आणि ती जागा मला दिली. टेबल उघडं आहे, कपाट नाही, मागून वारा येतो. कृष्णरावांची पहिली ड्रॉइंगं आलीयत आणि मी बसलेय कामाला.

मामीच्या कामाला मी नावं ठेवलेली नाहीत. असे राघू अख्ख्या माळव्यात कुणाला भरता येणार नाहीत. खोळीची जागा चुकली होती, एवढंच मी म्हटलं आणि अजूनही म्हणते.

लग्नाचं म्हणाल तर पाठीशी कुणी नसलं तर मी एकटी उभी राहीन. अंतरपाट काही मामाच्या खांद्यावर टांगलेला नसतो. वाईट खूप वाटेल, ते लपवत नाही. पण वाईट वाटेल म्हणून पेन्टियम आणणार नाही.

दसऱ्याला सकाळी पूजा आहे. तुमचा पाट मांडून ठेवीन. बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझा लोभ आहे तसाच आहे.

रुचा

•

देवास, १६ ऑक्टोबर २००१

चि. रुचा,
मामीचा पोटभर आशीर्वाद.

माझं माहेर लोहारदा गावचं, शाळा सगळी हिंदीत झाली. तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुमच्या दोघांची पत्रं मी वाचली. घरात येणारी-जाणारी चिठ्ठी मी नाही वाचणार तर कोण वाचेल? खोळ माझी, राघू माझे, आणि महिनाभर तुम्ही मामा-भाची त्यावरून भांडताय. मला मात्र एकानंही विचारलं नाही.

म्हणून काल हे ड्यूटीवर गेल्यावर मी कपाट उघडलं. प्लग काढला, शिवणाच्या मशीनचा पेचकस घेतला आणि कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू खोलली. आत छोटा पंखा आहे. त्याला माझ्याच खोळीच्या झालरीचं लाल रेशीम गच्च गुंडाळलेलं. मागच्या जाळीतून आत ओढलं गेलं असणार. बिचारा फिरणार कसा? क्रोशाच्या सुईनं बसून सगळा गुंता ओढून काढला. धूळ झटकली, प्लग लावला. पंखा फिरला आणि मशीन चालू झालं. मग मी कपाटाची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवून ठेवली.

हे घरी आले तेव्हा मी मशीनवर पत्ते खेळत बसले होते. उभे राहून बघत राहिले. जेवून हात धुताना म्हणाले की यशवंतरावांच्या घरी हे सांगू नकोस. मी दुपारीच सांगून आले होते.

दसऱ्याला मी येतेय. हे आले तर पाटावर बसतील, नाहीतर मी बसेन. आणि ऐक, तुझ्या लग्नात हे उभे राहिले नाहीत तर तुझ्या पाठीशी मी उभी राहीन. मामीनं उभं राहू नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय ते यांना विचारलं. यांना सापडलं नाही.

खोळ तुझ्यासाठी आणतेय. झालर कापून टाकली. टेबलावर मशीनच्या खाली अंथर, वर काही घालू नकोस. टेबलाचं माप कळव. ताईंना नमस्कार, आणि तुझ्यावर माझी माया आहे ती दुसऱ्या कुणाला विचारून नाही.

तुझी मामी,
विद्युल्लता

ता. क. खाली थोडी जागा उरलीय. हे शेजारी बसलेत आणि दोन ओळी लिहू दे म्हणून मघापासून पेन मागताहेत. मी दिलं नाही. जे काय लिहायचंय ते धारला येऊन रुचाला तोंडानं सांगा, असं सांगितलंय.