गुरुवारी ड्रू सहीला येईल तेव्हा

पोर्टकॅरिक,
रविवार, ९ जुलै १९७८

प्रिय सँडी,

पाकिटावर बाईचं अक्षर बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. एरवी तुला आमच्याकडून नाताळचं कार्ड येतं ते ड्रू लिहितो, मी खाली नुसतं नाव खरडते, तेव्हा माझं अक्षर तुला ओळखूही येणार नाही म्हणा. हे पत्र मी उद्या बसनं आर्ब्रोथला जाऊन तिथल्या पेटीत टाकणार आहे. इथल्या पेटीत टाकायची सोय नाही, कारण ती रोज साडेचारला ड्रूच उघडतो. नवरा पोस्टमन असला की बायकोला चोरून पत्रसुद्धा लिहिता येत नाही बघ. एक कर, हे मैदानावर उघडू नकोस, आणि तुझ्या त्या सवयीनं पोरांना मोठ्यानं वाचून तर मुळीच दाखवू नकोस. घरी ने, चहा कर, दार लाव आणि मग वाच.

तुझं पत्र मंगळवारी आलं. बाल्गरी फुटबॉल क्लबच्या कागदावर मॅनेजर म्हणून टाइप केलेलं, 'गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता सही करण्यास यावे', आणि खाली तुझ्या हातची ओळ, 'ये रे म्हाताऱ्या घोड्या!' ड्रूनं ते घड्याळामागे ठेवलंय. दिवसातून तीनदा काढतो, वाचतो, परत ठेवतो. काल बूट पॉलिश करून खिडकीत मांडले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत असे. सदतिसाव्या वर्षी आठवा क्लब! बेकरीवाला म्हणाला, "ड्रू, पेन्शन घेऊनच बूट काढणार का रे?" आणि त्याला एक पाय फुकट दिला, चालायचा नव्हे हो, भट्टीतला कांदा-खिमा भरलेला! मीही हसले. पण आडपडदा न ठेवता सांगते, सँडी, त्यानं ती सही करू नये असं मला वाटतं. गुरुवारपर्यंत माझा जीव टांगणीला आहे.

आता तू म्हणशील, लॉर्नाचं नेहमीचंच. खरं आहे. सात क्लबांपैकी सहा वेळा मी कटकट केली होती. तुला काय, तू एकटा जीव, पेटी उचलली की चाललास. मी सहा घरांचे पडदे शिवले आणि एकाही घराचे पुढच्या घराला बसले नाहीत. फियोनानं चार शाळा बघितल्या. (ती आता डंडीत नर्सिंग शिकतेय, तुला नमस्कार सांगितलाय, आणि लहानपणी तू तिला पाण्याच्या टबात बसवून मैदानभर ओढलं होतंस ते ती अजून सगळ्यांना सांगते.) पहिल्या क्लबात, पिटलॉरीला, पहिला सामना खेळला तेव्हा तर त्याचं नावही छापून आलं नव्हतं. सही न केलेल्या नव्या खेळाडूला आपल्याकडे नुसतं 'ट्रायलिस्ट' म्हणतात ना, तसंच छापलं, 'दुसरा गोल : ट्रायलिस्ट'. मी ते कात्रण कापून ठेवलं आणि त्याच्यावर पेन्सिलीनं त्याचं नाव लिहिलं. अठरा वर्षांची होते, वेडी होते.

खरं सांगू, मला एकच क्लब आवडला, तो किनमुअर. तिथं समुद्राचा वारा होता, घराला शेगडी धड होती, आणि तू शेजारी होतास. चार वर्षं. तू उजव्या बाजूनं धावायचास, चेंडू वर उचलून द्यायचास, आणि ड्रू कुठून तरी उगवून डोक्यानं आत घालायचा. लोक म्हणायचे, ह्या दोघांना एकमेकांकडे बघावंसुद्धा लागत नाही. बुधवारी सराव संपला की बाकीचे आंघोळीला पळायचे आणि तुम्ही दोघे तिथंच, भुरभुर पाऊस असो नाही तर धुकं. तू चेंडू मारायचास, तो डोकं घालायचा. मोजून पन्नास. मग 'अजून दहा!' हे ओरडणारा तू होतास की तो, यावर तुमचं कधी एकमत झालं नाही. त्या वेळचा चेंडू कातड्याचा, पाणी प्यायला की नुसता धोंडा. चेंडू बांधायच्या नाडीचा वळ त्याच्या कपाळावर उमटायचा आणि रविवारी तो तसाच चर्चमध्ये बसायचा. घरी आल्यावर मी ओला कपडा ठेवायची, तो म्हणायचा, "काही नाही गं, डोक्यात जरा घंटा वाजतेय." मी बाबागाडी घेऊन कुंपणापाशी उभी असायची आणि टाळ्या वाजवायची. ते विसरत नाही मी. तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. थोडा देते. पण त्यातला अर्धा माझ्याकडे ठेवून घेते.

आता ती गोष्ट. तुला पाठ आहे ती, तूच गावोगाव केलीस. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, ड्रूच्या इंचब्रे क्लबचा घरच्या मैदानावर सामना, आणि आमचे हे गाडी घेऊन पोचले ग्लेनबर्वीला, जो क्लब सोडून जमाना झाला होता. आत गेला, जुन्या खुंटीला कोट अडकवला, एक बूट चढवला, तेवढ्यात पोरं आली. त्यांचा मॅनेजर म्हणे, "ड्रू, आम्हाला न सांगता सही करून टाकलीस की काय?" हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. कुणीतरी त्याला अठरा मैल गाडी हाणत इंचब्रेला नेलं, मध्यंतरानंतर उतरवलं, आणि त्यानं गोल केला, डोक्यानंच. पेपरात चौकट आली. लीगच्या वार्षिक जेवणाला तू खुर्चीवर उभा राहून त्याची नक्कल केलीस, एका पायात बूट, दुसरा पाय मोजा ओढणारा. "एवढे क्लब केल्यावर माणूस कुठंही जाऊन बसेल!" असं तू म्हणालास आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. सगळ्यांत मोठ्यानं ड्रू हसत होता.

तुला पुढचं माहीत नाही. त्या जेवणाहून घरी येताना नदीच्या पुलापाशी त्यानं गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "लॉर्ना, इंचब्रेचं मैदान नदीच्या अलीकडे की पलीकडे?" मी म्हटलं, "पुरे झाली गंमत, माझे पाय गारठलेत." त्यानं परत गाडी सुरू केली. मी सांगेन तसा वळत वळत घरी आला. मीच रस्ता सांगत होते, सँडी, आणि मला कळत नव्हतं. तेव्हापासून तो पूल माझ्या मानगुटीवर बसलाय.

त्यानंतर किरकोळ किरकोळ. किटली पाणी न घालताच गॅसवर. सकाळचं डोकं दुखणं, उजेड नको म्हणणं. एकदा फियोनावर असा ओरडला की ती तशीच उठून बसथांब्यावर गेली, आणि तासाभरानं हा विचारतो, पोरगी जेवायला का नाही आली. मी म्हणायची, थकला असेल, पहाटेची नोकरी आहे. मग मे महिन्यात शेजारच्या बेअर्डबाईंकडे अंडी आणायला गेले, तर त्या कुंपणावरून पलीकडच्या म्हाताऱ्याला दोन पत्रं देत होत्या आणि तो त्यांना एक देत होता. मला बघून दोघांनी पत्रं पाठीमागे लपवली, तेव्हा मी समजले. वर्षभर हे चालू आहे. ड्रू पिशवी घेऊन पुढे गेला की आमची अख्खी गल्ली कुंपणाशी येते आणि आपापली पत्रं बदलून घेते. कुणी पोस्टात एक शब्द बोललेलं नाही. बेअर्डबाई म्हणाल्या, "अगं, आमच्या इंचब्रेसाठी गोल केलेत त्यानं, आम्ही चार पावलं चाललो तर झिजणार आहोत का?" मी तिथंच अंड्यांची टोपली घेऊन रडले.

तेव्हापासून मी पाळत ठेवते. चांगलं नाही दिसत, पण ठेवते. तुला आठवत असेल, दाढी करताना तो क्लबांची नावं क्रमानं म्हणतो, गाण्यासारखी. पिटलॉरी, आर्डमोर, स्ट्रॅथडून, किनमुअर, ग्लेनबर्वी, डनकेरी, इंचब्रे. वीस वर्षं ऐकून माझे कान किटले होते. आता मी लापशीचा डाव हातात धरून न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहते आणि मनात मोजते. सात झाली की श्वास सोडते. लापशी रोज लागते.

जूनमध्ये त्याला खोटं सांगून दवाखान्यात नेलं, पोस्टाला सर्टिफिकेट हवंय म्हणून. नवी डॉक्टरीण आहे, तरुण, ग्लासगोची. तिनं त्याला बोटं मोजायला लावली, महिने उलटे म्हणायला लावले. ऑगस्टपाशी तो थांबला आणि म्हणाला, "ऑगस्टात सीझन सुरू होतो, त्याच्या मागे जायचं कशाला?" ती हसली, मी नाही. मग त्याला बाहेर बसवून तिनं मला विचारलं, "हे बॉक्सिंग करायचे का?" मी म्हटलं, नाही, फुटबॉल. "गोलकीपर?" मी म्हटलं, नाही बाई, डोक्यानं गोल करायचा. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, बॉक्सरांमध्ये असं पाहिलंय, फुटबॉलवाल्यांचं मला छातीठोक सांगता येणार नाही, पण माझा नवरा असता तर आजपासून एकही चेंडू त्याच्या डोक्याला लागू दिला नसता.

घरी येऊन मी त्याला सांगितलं. नीट सांगायला हवं होतं, पण मला कुठलं जमतंय, ओरडूनच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फुटबॉल सोडला तर मी कोण उरलो, लॉर्ना? टपाल वाटणारा? तेही चुकीच्या घरात?" सँडी, त्याला कुंपणाचं माहीत आहे! सगळ्यांच्या आधीपासून माहीत असेल. मी बटाटे सोलत बसले. आणि त्यानंतर तुझं पत्र आलं. तुला स्ट्रायकर हवाय, मला कळतं. गेल्या वर्षी तुमचा बाल्गरी क्लब शेवटून पहिला होता, आणि ड्रूला अजून चेंडू कुठं पडणार ते दिसतं, ते बाकी शाबूत आहे. पण त्याला घेऊ नकोस. सही न करता, नाव न छापता, ट्रायलिस्ट म्हणून एखादाच सामना खेळवू, असंही मनात आणू नकोस. तुझं डोकं कसं चालतं ते मी ओळखून आहे. तू नाही म्हणालास तर तो मोडेल, हेही मला कळतं. मोडू दे. मोडलेला मला घरी हवा आहे.

हे सगळं मी महिन्याभरापूर्वीच लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. आज बसले त्याचं कारण वेगळं आहे. शुक्रवारी दाराबाहेर उभी होते आणि मोजणी सहावर संपली. मला वाटलं पाण्याच्या आवाजात एक सुटलं असेल. काल परत सहा. आजही सहा. पिटलॉरी, आर्डमोर, स्ट्रॅथडून, ग्लेनबर्वी. मध्ये काही नाही. मग न्याहारीला त्यानं घड्याळामागून तुझं पत्र काढलं, वाचलं, आणि अगदी साधेपणानं मला विचारलं, "हा मॅकफेल मॅनेजर कसा माणूस आहे, तुझ्या काही ऐकण्यात? मला घोडा का म्हणतोय?" आमच्या लग्नात शेजारी उभा राहिलेला, अंगठी हरवून पुन्हा शोधून काढणारा मॅकफेल, म्हणजे तू. मी म्हटलं, चांगला माणूस आहे, ड्रू. तो म्हणाला, "मग बरं. टाय लावूनच जातो." म्हणून हे पत्र, सँडी. गुरुवारी तो टोपी हातात घेऊन तुझ्या दारात उभा राहील आणि तुला 'अहो मिस्टर मॅकफेल' म्हणेल. तुला वाटेल चेष्टा करतोय, तुम्ही दोघं आयुष्यभर तेच करत आलात. तू हसशील, पाठीत धपाटा घालशील, आणि तोही हसेल, सगळ्यांच्या आधी हसेल, कारण त्याला आता तेवढंच जमतं. हसू नकोस. नाही म्हण, तरुण पोरगा मिळालाय म्हण, मग त्याला बसव, चहा दे, मैदानावर ने, चेंडू पायाशीच दे, आणि किनमुअरचं सांग, सगळं पहिल्यापासून, नव्या माणसाला सांगावं तसं. तो आधी स्वतःचं नाव सांगेल. तूही तुझं सांग.

कटकटी, पण तुझीच,
लॉर्ना