दोन पानं एकदम

३ नोव्हेंबर, सोमवार

गेटबाहेर दोन मुली उभ्या होत्या, सकाळपासून. काळे टीशर्ट, त्यावर लाल-निळं काहीतरी. आत या म्हटलं तर येत नाहीत, जा म्हटलं तर जात नाहीत. देवळाबाहेर चपला चोरताना सापडल्यासारखं माझ्याकडे बघतात.

विन्याचं पुस्तक आलंय, त्याचं हे. विन्या म्हणजे माझा मुलगा विनोदकुमार. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा. लोक त्याला विनो म्हणतात. गिटार घेऊन ओरडतो — त्याला रॉक म्हणतात. घर सोडून सत्तावीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस त्याचा आवाज मी फक्त दुसऱ्यांच्या फोनमधून ऐकला. आता पुस्तकात म्हणे सगळं खरं लिहिलंय. इंग्रजीत.

मला इंग्रजी काय, मराठीही वाचता येत नाही. ही वही मी बोलते, लिहिते क्षमा. माझ्या लेकीची, वाणीची मुलगी, माझी नात. कॉलेजसाठी बसवनगुडीला माझ्याकडे असते, शनिवार-रविवार आईबापाकडे देवनहळ्ळीला. म्हणाली, "मामानं पुस्तक लिहिलं, तू वही तरी लिही आज्जी." नाव क्षमा. मागून मिळत नाही, हाक मारून येत नाही.

संध्याकाळी तिनं पुस्तक मराठी करून ऐकवलं. दारू, गोळ्या, दोन लग्नं, पोलीस स्टेशन — सगळं न लाजता. मला दारूचं काय करायचंय? मला एवढंच हवं होतं — आईबद्दल काय लिहिलंय, आणि तो यायचं म्हणतोय की नाही. मधेच पोरगी उठली. पाणी पिऊन आली, आणि दोन पानं एकदम उलटली.

पन्नास वर्षं साड्यांना फॉल लावलेत मी, चिकपेटातल्या दुकानांच्या. हाताखालून एक घडी सरकली की दोन, ते कानाला कळतं.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय गं?"

"चांगलंच लिहिलंय."

सरी, असू दे. — थांबलीस का? हेही लिही.

४ नोव्हेंबर

आज कुणी आलं नाही. गेटची कडी तीनदा उघडून बघितली. गंजली नाहीये.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक जण आत आला. चंदन नावाचा. निपाणीकडचा, इथं कुठल्याशा कंपनीत आहे. या कानडी मुलखात मराठी ऐकून माझा जीव सुपाएवढा झाला. हातावर त्या टीशर्टावरचंच लाल-निळं गोंदवून घेतलेलं. चष्मा लावून बघितलं तर — माझा टाका!

मला अक्षर येत नाही, म्हणून आमच्या घरात दोऱ्याच्या खुणा होत्या. धोब्याकडे कपडे बदलू नयेत म्हणून. विन्याच्या कॉलरच्या आत दोन लाल टाक्यांची फुली आणि तिच्यावर एक निळा. तो गेल्यावर माझी पत्रं यजमान लिहायचे, नि मी कागदाच्या कोपऱ्यात सुईनं तीच खूण घालायची. ती माझी सही. बघून त्याला कळावं, हे आईचं.

चंदनला म्हटलं, "बा, तू टाका उलटा गोंदवलास. सुलट बाजूला फुली असते. ही मागची गाठ आहे."

"बँडचं चिन्ह हेच आहे की आज्जी. वीस वर्षं झाली."

"मग वीस वर्षं सगळे उलटे कपडे घालून फिरताय."

तो हसला नाही. कपातला चहा तसाच. मग म्हणाला, "राग मानू नका. पण पोराला असं कुणी लिहितंय काय ओ?"

"कसं?"

त्यानं क्षमाकडे बघितलं. क्षमानं छताकडे.

मग तिला ते पान काढावंच लागलं. पुस्तकात माझ्या एका पत्राचा फोटो आहे. यजमानांचं तिरकं अक्षर, कोपऱ्यात फुली. वाच म्हटलं. वाचलं तिनं —

"तू परत येऊ नकोस. मी उसवलेलं शिवते, जळलेलं नाही."

चंदन गेला. बिस्किटाला हातही लावला नाही.

७ नोव्हेंबर

कालचं राहिलं ते.

विन्या निघाला तेव्हा यजमानांनी त्याला एक शर्ट शिवून दिला होता. चिकपेटात त्यांचं दुकान. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पँटी, पण तो शर्ट तीन दिवस घेऊन शिवला. वर्षभरानं पेपरात फोटो आला. स्टेजवर विन्यानं अंगातला तोच शर्ट काढून पेटवलेला, खाली पोरं नाचतायत. तो फोटो आम्हाला दाखवायला चिकपेटातली निम्मी पेठ येऊन गेली. पुस्तकात विन्या म्हणतो, दुसऱ्या दिवशी उठलो आणि लाज वाटली, घरी पत्र टाकलं — येऊ का? त्याला हे उत्तर गेलं.

आज क्षमा उड्या मारतच कॉलेजातून आली.

"आज्जी, हे तू लिहिलंच नाहीस!"

"मला लिहिता कुठं येतं."

"तेच तर! अक्षर आजोबांचं."

"अक्षर त्यांचंच."

"तुझ्या नावानं त्यांनी मनाचं लिहिलं. 'शिवते' म्हणून. तुला वाचता येत नव्हतं. तू सांगितलं असशील एक, त्यांनी लिहिलं दुसरं, आणि तू बिचारी खाली टाका घालून मोकळी."

मी सोप्पुची जुडी निवडत होते. निवडत राहिले.

तिनं ते सगळं फोनवर टाकलं. विनोचे हजारो चाहते तिथं भांडत बसलेले असतात म्हणे.

१० नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस वही कोरी. माझा हात देवनहळ्ळीला गेला होता.

आणि त्याच दोन दिवसांत घर भरलं! शनिवारी सात, काल अकरा. फुलं, म्हैसूरपाक, मोसंबी — पेशंट असल्यासारखी. पहिल्या दिवशीच्या त्या दोघीही आल्या, आता आत. त्यातली भूमिका माझ्या पायावर डोकं ठेवून रडली. कन्नडात म्हणाली, अज्जी, आम्ही तुम्हाला काय काय बोललो. मी म्हटलं, मला कुठं वाचता येतं, मला लागलं नाही.

विन्या लहानपणी कसा होता ते विचारतात. मी सांगते. शेंगदाण्याची टरफलं खिशात ठेवायचा, खिसे धुवून माझे हात दुखायचे. ते हसतात, लिहून घेतात. खुर्च्या पुरल्या नाहीत, फॉलच्या पेटीवर बसवलं दोघांना. इतकी माणसं या घरात एकदाच आली होती, यजमान गेले तेव्हा.

गेल्यावर कप विसळले. एकोणीस कप. धुतलेले परत धुतले.

१२ नोव्हेंबर

क्षमा फोनवरचं वाचून दाखवते. माझ्यासाठी लाल बदाम, हात जोडलेले. यजमानांना मात्र — राक्षस, कसाई, बाईचं तोंड शिवणारा शिंपी. हे शेवटचं कुणीतरी फार हुशारीनं लिहिलंय म्हणे, चार हजारांना आवडलं.

नरसिंहराव त्यांचं नाव. गिऱ्हाइकाचं माप घेताना पोटाला टेप लागली तरी "स्वल्प माफ करा" म्हणायचे. गेले तेव्हा वाणीनं विन्याला कळवलं होतं. आला नाही. येऊ नकोस म्हटलेला माणूस कसा येईल?

आज फोटोला हार घातला. तोंडाकडे न बघता घातला, तर खाली पडला.

क्षमा विचारते, "गप्प का तू? आजोबांनीच मनाचं लिहिलं ना?" मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. लिही तसंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विन्याचा फोन आला.

"आई."

सव्वीस वर्षं काय बोलायचं ते मी घोकत होते. तोंडातून निघालं, "जेवलास का?"

"साडेदहा वाजलेत सकाळचे."

"मग नाश्ता?"

हसला. आवाज जाड झालाय. म्हणाला, क्षमानं लिहिलेलं वाचलं. "मला कधी सुचलंच नाही गं. बाबा लिहायचे ते तुझंच, असं धरून चाललो. तुझ्यावर राग धरला. तू तर काही केलंच नव्हतंस." पुढच्या छपाईत तो ते प्रकरण बदलणार आहे. वडिलांनी आईच्या नावानं लिहिलं, असं घालणार. "सोमवारी येतो. परिषे आहे ना?"

कडलेकाई परिषे. बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा. लक्षात आहे त्याच्या.

मी विचारलं, "तो कागद अजून आहे तुझ्याकडे?"

"आहे. जिथं राहीन तिथं भिंतीला लावतो."

"तोंड कुणीकडे करून?"

 

"भिंतीकडे."

म्हणून गाठ. एवढी शिकलेली पोरं अंगावर गोंदवून फिरतात, कुणाला कळलं नाही. सव्वीस वर्षं त्यानं अक्षरं भिंतीकडे फिरवून ठेवली आणि माझी गाठ तेवढी बघत बसला.

१५ नोव्हेंबर

क्षमा देवनहळ्ळीला गेली नाही. पडदे धुतले. भूमिका आणि चंदन सोमवारी फाटकापाशी फुलं लावणार म्हणतात. चंदननं आज दोन कप चहा घेतला आणि बिस्किटंही संपवली. म्हणाला, "आज्जी, तुम्ही सुटलात बघा."

आजोबांचा फोटो तेवढा आतल्या खोलीत ठेवू या का, क्षमानं विचारलं. मामाला त्रास नको.

मी म्हटलं, बघू.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिही. मधे बोलू नकोस.

पेपरातला फोटो बघून यजमान म्हणाले होते, "शर्टच आहे गं. दुसरा शिवतो." मग त्याचं पत्र आलं. मी म्हटलं, कागद घ्या. त्यांनी दोनदा पेन खाली ठेवलं, मी दोनदा उचलून हातात दिलं. लिहून झाल्यावर मला तीनदा वाचून दाखवलं. "अजून टपालाच्या पेटीत टाकलं नाही," म्हणाले. मी टाका घातला. शब्दन् शब्द माझा.

दुसरा शर्ट त्यांनी शिवलाच. कपाटात आहे. कॉलरला खूण घालायची मी अजून घातली नाही.

रडून अक्षर बिघडवू नकोस. फोटो होता तिथंच राहील. उद्या विन्या आला की शेंगांच्या आधी, फुलांच्या आधी ही वही वाच त्याला. आणि दोन पानं एकदम उलटू नकोस.